पिवळी नंबर प्लेट आणि शर्यतीचं इंजिन

जपानमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकीला इंजिनाचा एक कायदा कुणी न शिकवताच ठाऊक असतो. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये पिवळ्या नंबर प्लेटची गाडी दिसली की ती 'केई', म्हणजे छोटी गाडी. तिचा कर कमी, टोल कमी. बदल्यात सरकारनं तिला एक चौकट आखून दिली आहे. लांबी-रुंदी ठरलेल्या मापात आणि इंजिन ६६० सीसीच्या आत. ही मर्यादा आधी ३६० सीसी होती, १९७६ साली ५५० झाली आणि १९९० साली ६६०. चौकट अशी आखडती असूनही जपानी कंपन्यांनी तिच्यात इतक्या युक्त्या लढवल्या की देशात सर्वाधिक खपणाऱ्या गाड्यांत होंडाची 'एन-बॉक्स' ही केई गाडी वर्षानुवर्षं अगदी वरच्या जागेवर आहे.

हे सांगण्याचं कारण असं की, २०२६ साली फॉर्म्युला वन या मोटार शर्यतीचे इंजिनाचे नियम पुन्हा एकदा मुळापासून बदलणार आहेत. तुम्ही म्हणाल, चकल्या-करंज्यांचं ताट पुढ्यात घेऊन दिवाळी अंक उघडला आणि ही बाई इंजिनपुराण लावून बसली! पण जरा आजूबाजूला पाहा. तोचिगी, आइची, शिझुओका, कानागावा, आपली माणसं जिथे जिथे आहेत, तिथल्या कितीतरी घरांची चूल इंजिनावरच पेटते. आमचीही. आम्ही उत्सुनोमियाला राहतो. माझ्या नवऱ्यानं एका कंपनीत अकरा वर्षं एकच काम केलं: इंजिनात पेट्रोल नेमकं कसं जळतं ते पाहायचं आणि ते अधिक चांगलं कसं जाळता येईल ते शोधायचं. पेट्रोल जाळणंच मागे पडणार असेल, तर या विद्येचं काय होणार, हा प्रश्न आमच्या घरात गेलं वर्षभर जेवणाच्या टेबलावर बसलेला आहे.

मी स्वतः साताऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवत होते. इंजिनातलं मला जे कळतं ते घरातल्या बोलण्यातून. पण इतिहासाच्या शिक्षिकेला एक खोड असते. कुणी 'आता सगळं बदलणार' म्हटलं की, याआधी बदललं तेव्हा काय झालं होतं, हे ती काढून पाहते. तसं पाहायला गेले, तर होंडाची साठ वर्षांची गोष्ट हाती आली. ती तुम्हाला सांगावीशी वाटते.

मेक्सिकोची विरळ हवा

'फॉर्म्युला' या शब्दाचा इथला अर्थच मुळी नियमांची चौकट. इंजिन किती लिटरचं, सिलिंडर किती, टर्बो चालेल की नाही, पेट्रोल किती न्यायचं, हे नियम ठरवतात आणि सगळे संघ त्या एकाच चौकटीत गाडी बसवतात. होंडानं या शर्यतीत पाऊल टाकलं ते १९६४ साली, जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगला. तोपर्यंत कंपनीचं नाव होतं ते मोटरसायकलींसाठी. त्या वेळी नियम होता दीड लिटर इंजिनाचा. होंडानं या दीड लिटरचे बारा भाग केले आणि बारा सिलिंडरचं इंजिन बनवलं. हिशेब करा, एक सिलिंडर पडतो १२५ सीसीचा. म्हणजे त्यांना हातखंडा असलेली मोटरसायकलच बारा वेळा शेजारी शेजारी मांडली म्हणा ना.

पुढच्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १९६५ रोजी, मेक्सिकोत रिची गिंथर या अमेरिकन चालकानं होंडाला पहिला विजय मिळवून दिला. पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत तोच पुढे होता. मेक्सिको सिटीचा ट्रॅक समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरपेक्षा उंच आहे. आपल्या महाबळेश्वरपेक्षाही आठशे मीटर वर. तिथे हवा विरळ, त्यामुळे पेट्रोल आणि हवेचं प्रमाण बिघडतं आणि इंजिनाचा दम जातो. होंडाच्या संघाचे प्रमुख होते योशिओ नाकामुरा. त्यांचं शिक्षण विमानविद्येतलं. उंचावर गेल्यावर इंजिन कसं वागतं, हे त्यांना मोटारींच्या आधी विमानांनी शिकवलं होतं.

या तपशिलावर मी थांबले, कारण तो एकट्या नाकामुरांपुरता नाही. १९४५ च्या पराभवानंतर जपानला विमानं बनवायला बंदी झाली. ती १९५२ पर्यंत टिकली. एका रात्रीत हजारो विमान अभियंत्यांची विद्या बेकायदा ठरली. ती माणसं मोटारींकडे वळली, रेल्वेकडे वळली. पहिल्या शिनकानसेनचं ते गोलसर नाक घडवणारे तादानाओ मिकी हे युद्धकाळात नौदलाची विमानं आखत होते. आपण टोकियो स्टेशनवर मुलांना कौतुकानं दाखवतो त्या गाडीच्या कुळकथेत अशी एक बंदी आहे.

मेक्सिकोची ती शर्यत दीड लिटरच्या नियमाची शेवटची शर्यत होती. म्हणजे होंडाला गणित सुटलं आणि त्याच दिवशी अभ्यासक्रम बदलला! १९६६ पासून नियम आला तीन लिटरचा. होंडानं नवं इंजिन केलं, पण ते भारी वजनदार झालं. १९६७ मध्ये जॉन सर्टीसनं इटलीत मोंझाला एक विजय मिळवून दिला, पण नेहमीचं यश काही आलं नाही.

जिथे ज्ञान आडवं आलं

इथे एक कटू प्रकरणही सांगितलं पाहिजे, नाहीतर ही गोष्ट नुसती आरती होईल. सोइचिरो होंडा हे मूळचे मेकॅनिक. मोटरसायकलचं इंजिन वाऱ्यावरच थंड होतं, पाणी लागत नाही, गळत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं ज्ञान. मोटारीलाही तेच लावायचं, असा त्यांचा हट्ट. १९६८ साली हवेवर थंड होणारं इंजिन बसवलेली होंडाची गाडी फ्रान्समध्ये रुआँच्या शर्यतीत उतरवली गेली. संघातल्या लोकांना ती तयार वाटत नव्हती. सर्टीसनं ती चालवायला नकार दिला होता. ७ जुलैला जो श्लेसर हा फ्रेंच चालक त्या गाडीत जळून गेला. वर्षाअखेर होंडानं शर्यत सोडली.

कंपनीतल्या तरुण अभियंत्यांचं म्हणणं होतं, आता पाण्यावर थंड होणारं इंजिनच हवं. साहेब ऐकेनात. अखेर त्यांचे जुने भागीदार ताकेओ फुजिसावा यांनी त्यांना विचारलं, तुम्ही कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहणार की अभियंता म्हणून? त्यानंतर सोइचिरो बाजूला झाले.

त्याच सुमाराला दुसरा एक नियम आला, शर्यतीचा नव्हे, रस्त्यावरचा. १९७० साली अमेरिकेनं गाड्यांच्या धुरावर इतका कडक कायदा केला की तिथल्या मोठ्या कंपन्या म्हणू लागल्या, हे अशक्य आहे. होंडातले शर्यतीतून मोकळे झालेले काही अभियंते या कामाला लागले. त्यांनी युक्ती काढली ती अशी: मुख्य सिलिंडरच्या डोक्यावर एक चिमुकलं दालन करायचं, तिथे दाट मिश्रण पेटवायचं आणि त्या ज्वाळेनं खालचं पातळ मिश्रण पेटवायचं. चुलीत आधी काटक्या पेटवून मग ओंडका लावतात, तसंच. हे सीव्हीसीसी इंजिन १९७२ साली अमेरिकेच्या कसोटीला उतरलं आणि पुढे सिव्हिक गाडीत बसलं. धूर साफ करणारं वेगळं यंत्र न लावता तो कायदा पाळणारं हे पहिलं इंजिन. सोइचिरो आणि फुजिसावा १९७३ साली दोघेही एकदमच निवृत्त झाले.

एकाच कंपनीत, चार-पाच वर्षांच्या आत, जुनं ज्ञान एकदा आडवं आलं आणि एकदा तारून गेलं. फरक एवढाच दिसतो की पहिल्या वेळी 'मला येतं तेच खरं' असं म्हटलं गेलं, आणि दुसऱ्या वेळी 'मला येतं ते इथे कुठे लागेल?' असं विचारलं गेलं.

लिटरला दोन किलोमीटर

१९८३ साली होंडा परत आली, तेव्हा जमाना टर्बोचा होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं आणि त्या चक्रानं इंजिनात जास्त हवा कोंबायची, हा टर्बोचा धंदा. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. दीड लिटरची इंजिनं हजार अश्वशक्तीच्या घरात पोचली. गाड्या फार वेगवान झाल्या, तेव्हा नियमवाल्यांनी टर्बोचा गळा आवळायला सुरुवात केली. १९८९ पासून पूर्ण बंदी, असं जाहीर झालं. त्याआधीच्या १९८८ या शेवटच्या वर्षी टर्बोवाल्यांना हवेचा दाब आधीच्या ४ वरून २.५ बारवर आणायला लावला आणि पेट्रोल १९५ लिटरऐवजी १५० लिटर. बिनटर्बोवाल्यांना पेट्रोलची मर्यादाच नाही. हेतू उघड होता, टर्बोवाल्यांनी आपणहून निघून जावं.

शर्यत साधारण तीनशे किलोमीटरची. १५० लिटरमध्ये तीनशे, म्हणजे लिटरला दोन किलोमीटर. आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न 'अॅव्हरेज किती देते?' हाच. हजार अश्वशक्तीच्या जगातही शेवटी तोच प्रश्न आला! होंडानं शेवटचंच वर्ष आहे म्हणून जुनं इंजिन ढकललं नाही. कमी दाबावर, कमी पेट्रोलमध्ये चालेल असं ते नव्यानं घडवलं. मॅकलॅरेनच्या गाडीत ते बसवून आयर्टन सेना आणि अलँ प्रोस्ट या दोघांनी त्या वर्षीच्या १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. ज्या नियमानं टर्बोला निरोप द्यायचा होता, त्याच नियमाच्या वर्षी टर्बोची अशी मिरवणूक निघाली.

नंतर १९८९ ला साडेतीन लिटरचा नियम आला, होंडानं दहा सिलिंडर आणि मग बारा सिलिंडर केले, आणि १९९२ च्या अखेरीस पुन्हा निरोप घेतला. तिसऱ्यांदा २००० मध्ये आली आणि जागतिक मंदीत, २००८ च्या डिसेंबरात, पुन्हा गेली. तिनं सोडलेला संघ दुसऱ्या नावानं, दुसऱ्याच कंपनीचं इंजिन घालून, २००९ चा विजेता ठरला. ताटावरून उठावं आणि मागाहून पुरणपोळी यावी, तसंच झालं.

कुकरची वाफ

२०१४ साली फॉर्म्युला वनचा आवाजच बदलला. आठ सिलिंडरची किंचाळणारी इंजिनं गेली आणि सहा सिलिंडरची, १.६ लिटरची, टर्बो असलेली आणि जोडीला विजेची मोटर असलेली इंजिनं आली. पूर्ण शर्यतीला पेट्रोल फक्त १०० किलो, आधीपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी.

या इंजिनात एक विलक्षण भाग होता. त्याचं नाव एमजीयू-एच. साध्या पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलची दोन तृतीयांश उष्णता अशीच वाया जाते, धुराड्यातून आणि रेडिएटरमधून. कुकरच्या शिट्टीतून जाणाऱ्या वाफेवर घरातला एखादा दिवा लावता आला असता तर? एमजीयू-एच हे साधारण तसंच काम करायचा. टर्बोच्या दांड्यावरच एक जनित्र बसवलेलं. ते मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत फिरायचं आणि वाया जाणाऱ्या गरम वायूतून वीज काढायचं. अशा युक्त्यांनी फॉर्म्युला वनची इंजिनं जवळजवळ निम्मी उष्णता कामाला लावू लागली.

होंडा या खेळात २०१५ मध्ये उतरली, इतरांच्या एक वर्ष मागून. आणि काय ती दैना! इंजिनं बंद पडायची, दम नसायचा. फर्नांडो अलोन्सोनं तर होंडाच्याच मालकीच्या सुझुका ट्रॅकवर, होंडाच्या बड्या मंडळींच्या साक्षीनं, रेडिओवर ओरडून सांगितलं की हे खालच्या वर्गातल्या शर्यतीचं इंजिन आहे. आमच्या घरी त्या दिवशी टीव्ही बंद झाला होता. जुन्या जमान्यातले लोक निवृत्त झाले होते किंवा दुसऱ्या खात्यात गेले होते, आणि नव्यांना सगळं पहिल्यापासून शिकायचं होतं.

मग दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही मला फार आवडतात. टर्बो आणि जनित्राचा तो लांब दांडा प्रचंड वेगात थरथरायचा आणि मोडायचा. शर्यतवाल्यांना ते सुटेना. तेव्हा होंडाच्याच विमानांच्या इंजिनाच्या विभागातले लोक मदतीला आले. छोट्या जेट विमानाचं इंजिन ते बनवत होते, भन्नाट वेगानं फिरणारे दांडे हा त्यांचा रोजचा विषय. दांड्याचं दुखणं बरं झालं. १९६५ मध्ये विमानविद्या मेक्सिकोत उपयोगी पडली होती, ती पन्नास वर्षांनी पुन्हा पडली.

दुसरी गोष्ट म्हणजे यासुआकी आसाकी. हे गृहस्थ ऐंशीच्या दशकात होंडाच्या टर्बो इंजिनावर काम करत होते. पुढे ते रोजच्या गाड्यांकडे गेले, आणि २०११ साली बाजारात आलेल्या पहिल्या एन-बॉक्सचे विकासप्रमुख झाले. हो, आपल्या पार्किंगमधली तीच, पिवळ्या नंबर प्लेटची. ६६० सीसीच्या चौकटीत संसार कसा मावतो, हे दाखवून झाल्यावर २०१७ मध्ये त्यांना साकुरा इथल्या शर्यतीच्या इंजिनाची जबाबदारी दिली गेली. हे साकुरा आमच्याच तोचिगीत आहे. २०१९ च्या जूनमध्ये ऑस्ट्रियात मॅक्स व्हर्स्टापेननं होंडाच्या इंजिनावर शर्यत जिंकली. २००६ नंतरचा होंडाचा तो पहिला विजय. २०२१ मध्ये तो जगज्जेता झाला. १९९१ च्या सेनानंतर होंडाच्या इंजिनावर जगज्जेता होणारा तो पहिला.

जुन्या विद्येचं आणखी एक दर्शन त्या इंजिनाच्या आत होतं. मुख्य सिलिंडरच्या आधी छोट्या दालनात ठिणगी पाडायची, ही कल्पना त्यात पुन्हा आली. सीव्हीसीसीहून तिची रीत वेगळी, पण ओळख पटण्यासारखी. माझा नवरा हे सांगताना कागदावर दालनं काढून दाखवतो, तेव्हा मला 'इतिहासाची पुनरावृत्ती' हा शाळेतला घासून गुळगुळीत झालेला निबंधाचा विषय पहिल्यांदा खरा वाटतो.

नानांचा सवाल

हे सगळं मी माझ्या सासऱ्यांना, नानांना, फोनवर उत्साहानं सांगितलं. नानांचं साताऱ्यात दुचाकींचं गॅरेज होतं. लुना, चेतक, कायनेटिक होंडा, या टू-स्ट्रोक गाड्यांवर त्यांनी हात बसवला. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं, प्लगवरचा कार्बन कसा काढायचा, नुसत्या आवाजावरून दुखणं कुठे आहे, हे त्यांना कळायचं. मग धुराचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक बाजारातून गेल्या. नाना तेव्हा पन्नाशीकडे झुकले होते. त्यांनी हिरो होंडाची इंजिनं खोलून-खोलून फोर-स्ट्रोक शिकून घेतलं. पुढे मार्च २०१७ मध्ये बीएस-३ गाड्यांच्या विक्रीवर न्यायालयाची बंदी आली, तेव्हा शेवटच्या दोन दिवसांत शोरूमसमोर लागलेल्या रांगा तुमच्यापैकी अनेकांच्या नातेवाइकांनी पाहिल्या असतील. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. मधला बीएस-५ सरकारनं गाळूनच टाकला. कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. आता गाडीला आधी स्कॅनर लावायचा, तो सांगेल तो भाग बदलायचा. नाना त्या वेळी सत्तरीला आले होते. त्यांनी गॅरेज हाताखालच्या पोराला दिलं.

माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "सूनबाई, तुझ्या त्या जपानी इंजिनिअरला कंपनीनं दुसऱ्या खात्यात पाठवलं. पगार चालू ठेवून शिकवलं. नाक्यावरच्या मेकॅनिकला कोण कुठल्या खात्यात पाठवणार?"

मला उत्तर देता आलं नाही. 'ज्ञान कधी वाया जात नाही' हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पण त्या वाक्याला एक अट आहे. ज्ञानाला नवी जागा शोधायला वेळ लागतो, आणि त्या वेळात घर चालवायला कुणीतरी लागतं. होंडाच्या अभियंत्यांना २०१५ ते २०२१ अशी सहा वर्षं मिळाली. हरत असतानाही त्यांचं घर चाललं. नानांना पहिल्या बदलाच्या वेळी वय होतं आणि गाडी खोलून पाहता येत होती. दुसऱ्या बदलाच्या वेळी वय नव्हतं, आणि नुसतं खोलून दिसत नव्हतं. कार्बुरेटर साफ करण्याची त्यांची विद्या कुठेच गेली नाही, ती घरी बसली.

आमच्या घरचं इदो

जपानी कंपन्यांत एप्रिल आला की 'इदो'ची कुजबुज सुरू होते. इदो म्हणजे खातेबदल. कुणाला गाव बदलावं लागतं, कुणाला विषय. या एप्रिलमध्ये माझ्या नवऱ्याचं इदो झालं. ज्वलनाच्या विभागातून बॅटरी थंड ठेवण्याच्या विभागात. बेचाळिसाव्या वर्षी तो सव्वीस-सव्वीस वर्षांच्या मुलांशेजारी बसून नवं शिकतो आहे, तेही जपानीतून. रात्री जेवण झालं की बाप आणि चौथीतला मुलगा दोघेही टेबलावर अभ्यासाला बसतात, आणि कांजी अडली की बाप मुलाला विचारतो.

त्याच वेळी पुण्याजवळच्या एका कारखान्यात त्याला इंजिनाचंच काम मिळत होतं. दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. परत गेलो तर नाना-आईंजवळ राहता येईल, मला पुन्हा शाळेत शिकवता येईल. माझ्या बी.एड.वर इथल्या शाळेत वर्ग मिळत नाही, रविवारी मंडळाच्या मुलांना मराठी शिकवते ते माझं इदो! पण तिथलं ते काम अजून किती वर्षं असेल? आणि इथलं तरी?

गंमत म्हणजे नियम करणाऱ्यांनाही हे नक्की ठाऊक नाही. होंडानं २०२१ साली जाहीर केलं होतं की २०४० पर्यंत आपल्या सगळ्या नव्या गाड्या बॅटरीच्या किंवा हायड्रोजनच्या असतील. २०२५ च्या मे महिन्यात त्यांनीच विजेच्या गाड्यांसाठी राखलेली गुंतवणूक १० लाख कोटी येनवरून ७ लाख कोटी येनवर आणली आणि पेट्रोल-वीज अशा जोडीच्या गाड्यांवर भर दिला. म्हणजे पेट्रोल जाळणाऱ्याची गरज अजून काही वर्षं आहेच. आम्ही तूर्त राहायचं ठरवलं. मुलाची प्राथमिक शाळा संपेपर्यंत. नवऱ्याचं म्हणणं एवढंच, "जळणाऱ्या वायूची उष्णता कुठे जाते ते पाहायचो, आता बॅटरीची कुठे जाते ते पाहतो. उष्णता तीच आहे." तो हे मला समजावतो की स्वतःला, ते मी विचारत नाही.

२०२६ मध्ये काय पाहायचं?

आता २०२६ चा नियम. १.६ लिटर, सहा सिलिंडर आणि टर्बो तेच राहतील. पण एकूण ताकदीतला जवळजवळ अर्धा वाटा विजेचा असेल. चाकांना जोर देणारी मोटर २०२५ पर्यंतच्या १२० किलोवॅटवरून ३५० किलोवॅटवर जाईल. इंधन पूर्णपणे शाश्वत हवं, म्हणजे जमिनीतून उपसलेल्या तेलाचं नव्हे. हवेतून पकडलेला कार्बन, कचरा किंवा अन्न नसलेला जैविक माल यांपासून केलेलं. आपल्याकडच्या कारखान्यांतल्या उसाच्या इथेनॉलचं हे लांबचं भावंड म्हणा.

आणि तो एमजीयू-एच? तो नव्या नियमातून काढून टाकला आहे. तो फार महाग आणि फार किचकट होता, नव्या कंपन्या त्याला भिऊन येत नव्हत्या. तो काढल्यावर आउडी आली, फोर्ड परतली. म्हणजे जो दांडा बरा करायला होंडानं इतकी वर्षं घातली आणि विमानवाल्यांना बोलावलं, तोच आता लागणार नाही. होंडानं २०२० मध्ये निरोप जाहीर केला होता आणि २०२३ मध्ये परत येण्याची घोषणा केली, तीही या नव्या, निम्म्या विजेच्या नियमाकडे पाहूनच. रेड बुलशी असलेली जोडी २०२५ च्या अखेरीस सुटते. २०२५ च्या एप्रिलमध्ये सुझुकाला रेड बुलच्या गाड्या १९६५ च्या त्या होंडासारख्या पांढऱ्या रंगात आल्या होत्या, त्या निरोपासाठीच. २०२६ मध्ये होंडाचं इंजिन अॅस्टन मार्टिनच्या गाडीत असेल, आणि तिचा एक चालक असेल तोच अलोन्सो.

सुझुकाची शर्यत २९ मार्चला आहे. शाळांना सुट्टी असेल, चेरीच्या कळ्याही उमलायला लागल्या असतील. जमलं तर जा, नाहीतर टीव्हीवर पाहा. एरवी कोण पुढे आहे तेवढंच आपण पाहतो. या वेळी लांब सरळ रस्त्याच्या शेवटाकडे लक्ष ठेवा. तिथे कुणाची वीज आधी संपते आणि कुणी महिनाअखेरीसाठी चार पैसे राखावेत तशी राखून ठेवली आहे, यावर पुढे जाणं-मागे पडणं ठरेल. ब्रेक लावताना वीज कमवायची, वेग घेताना खर्चायची, प्रत्येक फेरीत जमाखर्च जुळवायचा. आपल्याला हे गणित नवं नाही.

आणि होंडा पहिल्या वर्षी मागे दिसली, तर लगेच निकालपत्र लिहू नका. त्या गाडीच्या आत कुठल्या तरी खात्यातून आलेला, रात्री टेबलावर बसून नवं शिकणारा कुणीतरी असेल. त्याला जरा वेळ द्या.